दहा नंबर लागत नाही

माझी मुलगी चिमी आता एकोणचाळीस वर्षांची आहे. तिला जवळचा चष्मा लागला आहे, कानामागे दोन-चार पांढरे केस आहेत, पण घरात ती अजून चिमीच. ऑफिसात तर तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कोणाला आठवत असेल. तिथे ती झिरो मॅडम. यात अपमान काही नाही. लोखंडी कपाटं बनवणाऱ्या त्या कंपनीत ती सोळा वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती आणि कुठल्याही टेबलावरून शून्य फिरवलं की तीच लागायची.

सोळा वर्षं कानाला हेडफोन लावून बसलं की माणूस घरीही तसाच बोलायला लागतो. मी स्वयंपाकघरातून विचारावं, "अगं, बाबा कुठे आहेत?" की आतून उत्तर येणार, "अंघोळीला गेलेत. थांबतेस की निरोप देऊ?" जेवताना तिचे बाबा आणि मी एकदम बोलायला लागलो की ती हात वर करते. "एकेक जण." आणि मग ठरवते, आधी कोणाचं ऐकायचं. बहुतेक वेळा माझं ऐकत नाही.

ऑफिसातल्या सगळ्या टेबलांचे नंबर तिला पाठ. नुसते नंबर नाहीत, त्यांच्या सवयीही. सत्तावीसला म्हणजे स्टोअरला फोन केला तर चार घंट्या वाजू द्यायच्या, कारण स्टोअरवाले काका आधी चष्मा काढून खिशात ठेवतात, मग फोन उचलतात. एकतीसला म्हणजे खरेदीला जेवणानंतर अर्धा तास त्रास द्यायचा नाही. आणि दहा नंबर, म्हणजे मोठे साहेब, कोणालाही थेट द्यायचा नाही. कोण बोलतंय, काय काम आहे, हे विचारायचं, आणि निम्म्या लोकांना 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असं सांगून वाटेला लावायचं. हे ती इतक्या मनापासून सांगायची की एकदा साहेबांनीच बाहेरगावाहून फोन केला, त्यांचा घसा बसला होता, तर त्यांनाही तिने साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांगितलं. साहेबांनी म्हणे 'बरं' म्हणून फोन ठेवला.

मी रोज साडेदहाला फोन करायची. ती नीट पोहोचली की नाही, एवढंच.

"नमस्कार, कुठे जोडू?"

"अगं, मी आई."

"पोहोचले. आणखी काही?"

आणखी पुष्कळ असायचं, पण तोवर लाइन गेलेली असायची.

असं सगळं चांगलं चाललं होतं आणि एका गुरुवारी तिच्या खोलीतला टेलिफोन जोडायचा बोर्ड काढून नेला. त्या जागी भिंतीवर एक करड्या रंगाची पेटी आली. आता फोन आपले आपण जोडले जाणार. साहेबांनी चिमीला बोलावलं. हा संवाद तिने मला त्याच संध्याकाळी शब्दशः सांगितला. ऑपरेटरला निरोप गाळून चालत नाही.

"बसा. तुम्हाला काढून टाकावं असं माझ्या मनात नाही."

"म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी मनात आहे."

साहेबांनी टेबलावरचा कागद उलटा केला. "हे बघा, तो कॉम्प्युटर आठ महिने पडून आहे. माझे पीए त्यावर पत्रं टाइप करतात आणि बाकी सगळे त्यांच्या खुर्चीमागे रांग लावतात. वरून विचारणा झाली आहे. तुम्ही तीन महिने त्या मशीनवर बसा. तीन महिन्यांनी या ऑफिसातल्या प्रत्येकाला आपलं काम आपल्या हाताने त्यावर करता आलं पाहिजे. जमलं तर तुमची जागा राहिली."

"आणि नाही जमलं तर?"

"तर जागा बंद."

एकोणचाळीसाव्या वर्षी नवी नोकरी कोण देतं? मी लगेच तिला कोर्सेसच्या जाहिराती कापून दिल्या, ओळखीच्या दोघांचे पत्ते दिले आणि रक्तदाब तपासून घे म्हटलं. चिमीने जाहिराती नीट घडी करून पर्समध्ये ठेवल्या. त्यातल्या एकीच्या मागच्या बाजूला पुढे तिने मशीनला द्यायचे हुकूम लिहून घेतले. जाहिरातीचा तेवढा उपयोग झाला.

कॉम्प्युटरबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक ती घरी घेऊन आली. कॉलेजात असताना मी अशी जाड इंग्रजी पुस्तकं कोळून प्यायले आहे, म्हणून ते मीच आधी वाचायला घेतलं. मशीन सुरू केलं की काळा पडदा यायचा, त्यावर एक अक्षर आणि एक लुकलुकणारी रेघ. चित्रं नाहीत, काही नाही. आपल्याला काय हवं ते आपणच इंग्रजीत टाइप करायचं, तेही एका अक्षराची चूक न करता. चुकलं की मशीन म्हणणार, हुकूम चुकीचा किंवा असं नाव नाही. मला तो मशीनचा उद्धटपणा वाटला. चिमीला वाटला नाही. "बरोबर आहे, आई. राँग नंबर लागला तर मीही तेच सांगायची."

ऑफिसात मात्र हे सगळ्यांना तिच्याइतकं सहज वाटत नव्हतं. हुकूम टाइप करायचे म्हटल्यावर हिशेबनीस टेबलाखाली पेन शोधायला लागायचे. म्हणून मशीन विकणाऱ्यांचा इंजिनिअर आला. दोन मुलांचा बाप, मोठ्या मिशा आणि त्याहून मोठा टाय. त्याने मेनूचा एक तयार प्रोग्रॅम घालून दिला. निळी चौकट, त्यात नऊ ओळी, प्रत्येक ओळीत एका सॉफ्टवेअरचं इंग्रजी नाव. वर-खाली बाणाची बटणं दाबत हव्या त्या ओळीवर यायचं आणि एंटर मारायचा. पत्रं हवीत तर पत्रांचा प्रोग्रॅम, मालाची यादी हवी तर यादीचा.

"लहान मूलसुद्धा करेल," तो म्हणाला.

लहान मुलं त्या ऑफिसात नव्हती, हीच अडचण होती. नऊच्या नऊ नावं सारखीच अनोळखी. स्टोअरवाल्या काकांनी बाण दाबला, तो दोन ओळी पुढे गेला, परत आणला तर तीन ओळी मागे गेला. शेवटी जे उघडलं त्यात त्यांनी शिलकी मालाची यादी भरून टाकली. ते होतं पीएंचं पत्र. आठवड्याने एका जुन्या गिऱ्हाइकाला कंपनीचं पत्र गेलं, 'आपल्या आईच्या निधनाची वार्ता ऐकून अतिशय दुःख झालं, हिरवी कपाटं बेचाळीस नग, कुलपं वेगळी.'

ही बातमी मला चिमीकडून कळली नाही. भिंतीवरची पेटी आल्यापासून बाहेरचा फोन आपोआप पहिल्या मोकळ्या टेबलावर जायचा आणि पहिलं मोकळं टेबल नेहमी स्टोअरचंच असायचं. म्हणजे साडेदहाचा माझा फोन आता काका घ्यायचे, चार घंट्यांनंतर.

"पोहोचली हो तुमची मुलगी. पण तोंड एवढंसं झालंय. माझ्यामुळेच."

आणि त्यांनी मला ते पत्र वाचून दाखवलं. मी हसले, आणि फोन ठेवल्यावर दिवस मोजले. एक महिना गेला होता आणि पीए आणि चिमी सोडून ऑफिसातल्या एकालाही मशीन धड येत नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी शिकलेल्या माणसांसाठी खुणा करायचं ठरवलं होतं, तो महिना कोराच राहिला.

चिमीने त्या दिवशी काकांना एकच प्रश्न विचारला. "काका, तुम्ही अडलात कुठे?"

"हे बघ, मला कुठे जायचंय ते मला माहीत आहे. मशीनला सांगायचं कसं ते माहीत नाही. तू असताना कसं, नंबर सांगितला की झालं. इथे बाण मारत बसायचं. शिकारीला निघालोय का मी?"

घरी आल्यावर तिने पटापट जेवण संपवलं. मग एकदम म्हणाली, "आई, ते पुस्तक दे."

इंजिनिअरचा निळा मेनू तिने काढून टाकला आणि स्वतःचा केला. तो तिने मला कागदावर काढून दाखवला होता, म्हणून मी सांगू शकते. मशीनमध्ये नंबराचं नाव दिलेली एक छोटी फाइल ठेवायची. तिच्यात ओळी तीनच. पहिली, अमुक कप्प्यात जा. दुसरी, तिथला प्रोग्रॅम सुरू कर. तिसरी, काम संपलं की परत येऊन यादी दाखव. माणसाने नुसता तो नंबर दाबून एंटर मारायचा, की मशीन त्या तीन ओळी आपण होऊन करणार. आणि नंबर कोणते? तेच, सोळा वर्षांचे. सत्तावीस दाबलं की मालाची यादी. एकतीस दाबलं की खरेदीच्या ऑर्डरी. बारा दाबलं की पीएंची पत्रं. सकाळी मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर टेलिफोनच्या यादीसारखी यादी यायची, आणि सगळ्यात खाली, शून्य. शून्य दाबलं की मशीन तीनदा टिंग करायचं आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत यायचं, 'थांबा, मी येते.' टिंग ऐकलं की चिमी जिथे असेल तिथून यायची.

इंजिनिअर हे पाहून खुर्चीतच मागे रेलला.

"मॅडम, मेनूत एक, दोन, तीन असे आकडे असतात. बारा, सत्तावीस, एकतीस? ही काय लॉटरी काढलीय?"

"सत्तावीस म्हणजे स्टोअर. हे इथे शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या मेनूत सहाव्या ओळीवर काय होतं?"

इंजिनिअर आठवायला लागला.

"राहू द्या," चिमी म्हणाली. "निरोप घेऊन ठेवते."

पहिले बसले ते काकाच. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, मग लक्षात आलं की इथे चष्मा लागणार, तो परत घातला. दोन बोटांनी सत्तावीस दाबलं, एंटर मारला. यादी समोर उघडली आणि काकांच्या तोंडून निघालं, "हॅलो?"

मग गाडी सुरू झाली. हिशेबनीस आठवड्यात तयार झाले, पण शून्य दाबायची त्यांना इतकी गोडी लागली की दिवसात वीसदा टिंग व्हायचं. खरेदीच्या बाई चौथ्या दिवशी शिकल्या, अर्थात जेवणाआधी. पीएंना वाईट वाटलं, कारण खुर्चीमागची रांग गेली आणि रांगेबरोबर त्यांचा चहाही गेला. शिपाई स्वतःहून शिकला आणि पाण्याच्या ग्लासांची यादी करायला लागला. काका रोज साडेदहाला मला आकडा सांगायचे आणि मी कॅलेंडरवर खूण करायची. सात झाले. अकरा झाले. दुसरा महिना संपला तेव्हा चौदा.

"अगं, किती राहिले?" मी रोज विचारायची.

"आई, धीर धर."

"मी धीरच धरलाय. पण एकूण माणसं किती आहेत?"

"एकोणीस."

शेवटच्या आठवड्यात तिने सांगितलं, "अठरा झाले. एकोणिसावी मी. म्हणजे सगळे." मी स्वतः बोटांवर मोजून पाहिलं आणि मलाही ते बरोबर वाटलं.

तपासणी शुक्रवारी होती. मी सकाळपासून दोनदा दूध उतू घालवलं. साडेदहाला फोन केला तर कोणी उचलेना, सगळे मशीनभोवती उभे होते. पुढचं मला काकांनी दुपारी सांगितलं आणि चिमीने संध्याकाळी. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच की काका मध्ये हसत होते.

साहेब हात मागे बांधून उभे राहिले. एकेक जण येऊन बसला, आपला नंबर दाबला, काम उघडलं, बंद केलं, उठला. खरेदीच्या बाईंनी उठताना खुर्ची पुसली. इंजिनिअरसुद्धा आला होता, त्याच्या कंपनीने त्याला बघायला पाठवलं होतं. अठरा माणसं झाली. चिमी शेवटी बसली, तिने आपलं दाखवलं. काकांनी टाळ्या वाजवायला हात वर केले.

आणि साहेब म्हणाले, "चला, आता मीही बसतो."

ते खुर्चीत बसले. कफ मागे सारले. एक दाबलं. शोधून शोधून शून्य दाबलं. एंटर.

मशीनने सांगितलं, हुकूम चुकीचा किंवा असं नाव नाही.

साहेबांनी पुन्हा दहा दाबलं. मशीनने पुन्हा तेच सांगितलं.

"माझा नंबर लागत नाही," साहेब म्हणाले.

चिमी त्यांच्या मागे उभी होती. काय बोलायचं हे तिने ठरवलं नव्हतं, ते आपोआप आलं, सोळा वर्षांच्या त्या गोड आवाजात. "दहा नंबर थेट मिळत नाही. कोण बोलतंय आणि काय काम आहे, सांगता का?"



साहेब हळूहळू वळले. "तुम्ही माझा नंबर ठेवलाच नाहीत?"

चिमीचा चेहरा उतरला. सोळा वर्षं जो नंबर कोणाला थेट द्यायचा नाही, तो यादीत घालायचा असतो हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. "नाही, साहेब."

"मी म्हटलं होतं प्रत्येकाला. मी प्रत्येकात येत नाही?"

"येता."

"मग एक माणूस राहिला."

इंजिनिअर पुढे सरसावला. "साहेब, म्हणूनच मी सांगत होतो. आमच्या मेनूत हा प्रश्नच..."

"तुमच्या मेनूत साहेब अजून दुसऱ्या ओळीवर बाण मारत असते," काका मागून म्हणाले. इतकं बोलल्यावर त्यांना स्वतःचीच भीती वाटली आणि ते पीएंच्या मागे गेले.

चिमी पुढे झाली. "साहेब, एक मिनिट द्या. दहा नंबरवर काय उघडायचं तेवढं सांगा."

आता साहेबांची पंचाईत झाली. पत्रं पीए लिहितात. ऑर्डरी खरेदीच्या बाई बघतात. हिशेब हिशेबनीस. साहेबांनी आधी छताकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या यादीकडे. अठरा माणसं त्यांचं काम काय आहे हे ऐकायला उभी होती. कोणी हसलं नाही, पण खरेदीच्या बाईंना खोकला आला.

"मी," साहेब अखेर म्हणाले, "रोज सकाळी स्टोअरला फोन करून विचारतो, काल कुठला माल बाहेर पडला."

"हे उत्तम काम आहे," चिमी म्हणाली. हे ती मनापासून म्हणाली, मला माहीत आहे, कारण कोणाचा निरोप लहान आणि कोणाचा मोठा असं तिने कधी केलं नाही. खुर्चीच्या बाजूने वाकून तिने तीन ओळी टाइप केल्या. काका म्हणतात, तिच्या बोटांकडे बघून इंजिनिअरचा हात आपल्या टायकडे गेला. "आता लावा."

एक. शून्य. एंटर. बाहेर गेलेल्या मालाची यादी पडद्यावर उभी राहिली.

साहेब पुढे वाकले. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या. "बेचाळीस हिरवी कपाटं यात नाहीत? म्हणजे अजून इथेच? मला तर गेली म्हणून सांगितलं होतं." काका तोवर जिन्यात पोहोचले होते.

साहेबांनी पाच मिनिटं यादी वाचली. मग म्हणाले, "आता यातून बाहेर कसं पडायचं?" आणि सांगायच्या आत त्यांनी चार बटणं दाबली. यादी गेली, दुसरीच आली, ती उलटी झाली, मशीन एकसारखं टिंग टिंग करायला लागलं. साहेबांनी दोन्ही हात वर केले, जसं काही कोणी पिस्तूल रोखलं आहे.

"मॅडम!"

"इथेच आहे."

तिने सगळं सरळ करून दिलं. साहेब रुमालाने कपाळ टिपत उठले. त्यांनी अठरा जणांकडे पाहिलं, इंजिनिअरकडे पाहिलं, आणि मग निर्णय दिला. त्यातला शब्द न शब्द मला तोंडपाठ आहे. "एक माणूस राहिला आहे, म्हणजे काम पुरं झालेलं नाही. तेव्हा तो माणूस शिकेपर्यंत तुमची जागा राहील."

संध्याकाळी चिमीने हे सांगितलं तेव्हा मी देवाचे आभार मानायला बसले आणि मानता मानताच मला नवी काळजी लागली. साहेब हुशार माणूस, मोठ्या पदाला उगीच पोहोचले नाहीत. ते पंधरा दिवसांत शिकले तर?

पंधरा दिवस गेले. दर शनिवारी अर्धा तास साहेब तिच्याकडे शिकतात. चार महिने झाले. परवा न राहवून मी विचारलंच.

"चिमी, साहेबांचं कुठवर आलं?"

"छान चाललंय. यादीत शिरता येतं त्यांना."

"आणि बाहेर पडता?"

तिने चष्म्याची काच ओढणीने पुसली, तो डोळ्यांवर घातला आणि माझ्याकडे बघितलं.

"आई, ते मी इतक्यात कशाला शिकवू?"